पदाची श्रेणी चुकीची लागली तर अपील कसं करावं: बेळगाव भागातल्या सरकारी नोकरांसाठी

माझं पहिलं अपील एका शब्दाने बुडवलं.

खात्याची पुनर्रचना झाली, जुन्या पदांवरची माणसं नव्या पदांवर बसवली गेली (कागदोपत्री याला ‘समावेशन’ म्हणतात) आणि मला सहायक भांडारपाल म्हणून द्वितीय दर्जाच्या वेतनश्रेणीत टाकलं. गोदामाच्या किल्ल्या माझ्या खिशात, साठा नोंदवहीवर सही माझी, लेखापरीक्षणवाले आले की त्यांच्यासमोर उभा मी. आणि कागदावर सहायक. कुणाचा सहायक, ते कुणालाच सांगता येईना, कारण आमच्या तालुक्यात भांडारपाल म्हणून कुणी नव्हतंच.

माझं शिक्षण मराठी शाळेतलं. खात्याची कन्नड परीक्षा पास झालो होतो, रोजची टिपणी लिहीत होतो, पण दोन पानी अपील कन्नडात लिहायचं म्हटलं की पेन अडायचं. शेजारच्या टेबलावरच्या मित्राला म्हटलं, ‘बढती मारली बघ माझी.’ त्या भल्या माणसाने एका बैठकीत सुरेख कन्नडात अर्ज लिहून दिला. विषयाच्या ओळीत शब्द होता ‘बडती’. कन्नडात बडती म्हणजे पदोन्नती. चार महिन्यांनी उत्तर आलं: ज्येष्ठता यादीत आपलं नाव खाली असल्याने पदोन्नतीचा विचार करता येत नाही. मी पदोन्नती मागितलीच नव्हती. बसवताना चुकीच्या पदावर बसवलंत, ते दुरुस्त करा, एवढंच माझं म्हणणं. पण अर्जात जे लिहिलं होतं त्याचं उत्तर कार्यालयाने दिलं, त्याला नाव कसं ठेवणार? तोवर अपिलाची मुदत उलटून गेली होती.

पुढे नोकरी संपेपर्यंत खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या बऱ्याच जणांचे असे अर्ज लिहायला मी त्यांच्याबरोबर बसलो. त्यातून जे कळलं ते कामाच्या क्रमाने सांगतो.

पहिलं काम: तक्रार कसली आहे ते ठरवा

‘माझ्यावर अन्याय झाला’ या एका वाक्यात चार वेगवेगळ्या तक्रारी लपलेल्या असतात, आणि प्रत्येकीचं दार वेगळं आहे.

कर्नाटकात राज्य सेवेतली पदं ए, बी, सी आणि डी अशा चार गटांत आहेत. कुठलं पद कुठल्या गटात, त्याची वेतनश्रेणी काय, शैक्षणिक पात्रता काय, थेट भरती किती आणि पदोन्नतीने किती, हे त्या त्या खात्याच्या वृंद व भरती नियमांत लिहिलेलं असतं. कचेरीत त्याला सगळे ‘सी अँड आर’ म्हणतात. हे नियम सरकार काढतं, १९७८ च्या राज्य नागरी सेवा कायद्याखाली; त्यात कार्मिक खातं म्हणजे डीपीएआर आणि वित्त खातं या दोघांचा हात असतो.

आता तक्रारी बघा. नियमात पद बरोबर आहे, पण तुम्हाला चुकीच्या पदावर बसवलं, ही पहिली. माझी हीच होती. ही खात्याच्या पातळीवर दुरुस्त होऊ शकते आणि अपिलाला सगळ्यात सोपी आहे. नियमातच तुमच्या पदाला खालची श्रेणी दिली आहे, ही दुसरी. तिथे जिल्ह्याचा अधिकारी सोडा, खातेप्रमुखही काही करू शकत नाही; सरकारकडे निवेदन द्यावं लागतं. तिसरी, पद खालचं पण वरच्या रिकाम्या पदाचं काम तुमच्याकडून करून घेतलं जातं. ती वर्गीकरणाची तक्रार नाहीच, ती प्रभाराची आहे. केसीएसआर म्हणजे कर्नाटक नागरी सेवा नियम; त्यातल्या नियम ३२ खाली रिकाम्या वरच्या पदाचा कार्यभार देता येतो आणि नियम ६८ प्रमाणे त्याचा भत्ता मिळतो. भत्ता मागा, पद मागू नका. चौथी, वरच्या श्रेणीतून खाली आणलं. कन्नडात याला ‘हिंबडती’ म्हणतात. शिक्षा म्हणून आणलं असेल तर चौकशीचे नियम लागतात आणि प्रकरण पूर्ण वेगळं होतं.

आणखी एक गोंधळ इथेच मिटवा. दहा वर्षं एकाच पदावर काढली की कालबद्ध वेतनोन्नती मिळते, पंधरा वर्षांनी आणखी वरची श्रेणी. ही सवलत माणसाला मिळते, पदाला नाही. ‘तुम्हाला वरची श्रेणी मिळालीच आहे, मग तक्रार कसली?’ असं टेबलावरून उत्तर आलं तर गोंधळू नका. तुमचं मूळ पदच चुकलं असेल तर दहा वर्षांनी मिळालेली श्रेणीही चुकीच्या पायरीवरून मोजलेली असते. वेतन आयोग आला की ती चूक आणखी फुगते. सातव्या राज्य वेतन आयोगाचं वेतन १ ऑगस्ट २०२४ पासून हाती पडू लागलं, किमान मूळ वेतन १७,००० वरून २७,००० झालं. जुन्या मूळ वेतनावरच नवं ठरलं, म्हणजे जुनी चूकसुद्धा त्याच पटीत वाढली.

तारीख

आदेश कधी निघाला याला फारसा अर्थ नाही. तुमच्या हाती कधी पडला ते बघायचं. अपिलाची मुदत तिथून तीन महिने. आदेशाची प्रत घेताना सहीखाली स्वतःच्या हाताने तारीख घाला. पोस्टाने आला असेल तर पाकीट फेकू नका, त्यावरचा शिक्का हा तुमचा पुरावा.

पुष्कळदा आदेशच नसतो. एचआरएमएस या पगाराच्या संगणक प्रणालीतून निघालेल्या पगारपत्रकात पदनाम किंवा श्रेणी बदललेली दिसते आणि विचारायला गेलं की ‘वरूनच तसं आलंय’. अशा वेळी त्याच आठवड्यात एक चार ओळींचं पत्र द्या: अमुक महिन्याच्या पगारपत्रकात माझं पदनाम असं दिसतं, ते कुठल्या आदेशाने बदललं त्याची प्रत द्यावी. अपील कुठल्यातरी आदेशाविरुद्धच करावं लागतं, हवेविरुद्ध करता येत नाही.

मुदत गेली असेल तर अपील करूच नये असं नाही. उशिराचं कारण पटलं तर अपील अधिकारी ते दाखल करून घेऊ शकतो. मात्र उशीर माफ करण्याची विनंती वेगळ्या परिच्छेदात, तारखांसह आणि कागद जोडून करा. ‘घरगुती अडचणी’ हे कारण मी कधी चाललेलं पाहिलं नाही. माझ्या बाबतीत पहिल्या अर्जाला चुकीच्या मुद्द्यावर आलेलं उत्तरच मी जोडलं, आणि ते चाललं.

कागद गोळा करणं

अपील लिहायला बसण्याआधी चार कागद हातात हवेत: वादातला आदेश, वृंद व भरती नियमांमधलं दोन्ही पदांचं पान, तुमच्या नावाचे कार्यविभागणी आदेश, आणि सेवा पुस्तकाची प्रत.

साध्या विनंतीने मिळाले तर उत्तम. नाही मिळाले तर माहिती अधिकार. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावा. कर्नाटकाच्या नियमांत एक अट आहे जी पुष्कळ अर्ज करणाऱ्यांना माहीत नसते: एका अर्जात एकच विषय, आणि साधारण दीडशे शब्दांच्या आत. तीन विषय असतील तर तीन अर्ज, तीन पोस्टल ऑर्डरी. ‘का’ असं विचारू नका, प्रत मागा. ‘माझी श्रेणी का कमी केली?’ याला ‘ही माहितीच्या व्याख्येत बसत नाही’ असं छापील उत्तर येतं. ‘पुनर्रचनेच्या वेळी भांडारातली पदं समकक्ष ठरवताना तयार झालेल्या टिपणी पानांची प्रत’ मागितली की कुणी काय शेरा मारला ते बाहेर येतं. ही टिपणी पानं म्हणजे खरा खजिना. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे पहिलं अपील, तिथेही नाही झालं तर नव्वद दिवसांत माहिती आयोगाकडे. पण आयोगाची वाट बघत मूळ अपिलाची मुदत घालवू नका; मिळतील तेवढ्या कागदांवर अपील करा आणि ‘बाकी कागद मागितले आहेत, मिळताच सादर करेन’ असं त्यातच लिहा.

सेवा पुस्तक उघडलं की आपल्या भागातल्या माणसाला दोन गोष्टी हमखास सापडतात. एक म्हणजे नाव. मराठी शाळेच्या दाखल्यावर एक नाव, कन्नडात लिहिताना आडनावाचं झालेलं दुसरंच काहीतरी, इंग्रजीत तिसरं. दुसरी म्हणजे पात्रता. दहावी मराठी माध्यमातून, पदवी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची, डिप्लोमा महाराष्ट्र बोर्डाचा. वरच्या पदासाठी नियमात जी पात्रता लिहिली आहे तिच्याशी तुमची पात्रता समकक्ष आहे, हा कागद आधी लागतो. अपील ऐन रंगात आलं की समोरून हाच मुद्दा निघतो. तसंच कन्नड परीक्षा आणि खात्याच्या परीक्षा पास झाल्याची नोंद सेवा पुस्तकात आहे ना, ते बघा. पास होऊन वर्षानुवर्षं नोंद नसलेले लोक मी पाहिलेत. या तिन्ही गोष्टी आधी दुरुस्त करून घ्या.

काम मांडणं: अपिलाचा जीव इथे आहे

बहुतेक अपिलं इथेच पडतात, म्हणून जरा थांबून लिहितो.

श्रेणी पदाला असते, माणसाला नसते. तुम्ही किती प्रामाणिक आहात, किती वर्षं घासलीत, रविवारी कितीदा आलात, तीन माणसांचं काम एकट्याने कसं ओढलंत, हे सगळं खरं असेल, पण त्याने श्रेणी बदलत नाही. काम जास्त आहे म्हटलं की सरकार म्हणेल, आणखी एक द्वितीय दर्जा सहायक देऊ. श्रेणी हलते ती कामाच्या वजनाने. वजन म्हणजे काय? निर्णय कोण घेतो, शेवटची सही कोणाची, पैशाची किंवा मालाची जबाबदारी कोणावर, तुमचं काम दुसरा कुणी तपासतो की तुमच्यापाशीच संपतं, तुमच्या हाताखाली कोण आहे, आणि चूक झाली तर वसुली कुणाच्या पगारातून होते.

चार आठवडे रोजनिशी ठेवा. साधी शाळेची वही चालते. रोज संध्याकाळी पाच-सहा ओळी: काय केलं, कुठल्या नोंदवहीत, कुणाच्या सहीने. महिनाअखेरीस तिच्याकडे बघून दोन रकाने आखा. डावीकडे वृंद व भरती नियमांत किंवा कर्तव्यसूचीत वरच्या पदाचं जे काम लिहिलंय ते, शब्दाला शब्द. उजवीकडे तुम्ही ते काम करता याचा कागद.

माझ्या दुसऱ्या अपिलातली एक ओळ अशी होती. डावीकडे: ‘साठ्याचा ताबा ठेवणे व वार्षिक पडताळणीस जबाबदार असणे.’ उजवीकडे मी सुरुवातीला लिहिलं होतं, ‘भांडाराची सर्व कामे मी सांभाळतो.’ आमच्या एका जुन्या अधीक्षकांनी पेन्सिलीने ते खोडलं आणि समोर लिहिलं, ‘कशावरून?’ मग मी लिहिलं: ‘भांडाराचा ताबा अमुक तारखेच्या सीटीसीने माझ्याकडे, पडताळणी अहवालावर ताबेदार म्हणून माझी सही, पाने ४ ते ९, तुटीबद्दल खुलासा माझ्याकडूनच मागितला, पान १२.’ सीटीसी म्हणजे कार्यभार दिल्या-घेतल्याचा दाखला. तुटीबद्दलची ती नोटीस आली तेव्हा मी रात्रभर झोपलो नव्हतो. अपिलात तिच्याइतका कामाचा दुसरा कागद निघाला नाही: सहायकाला कुणी तुटीचा जाब विचारत नाही.

प्रत्येक ओळीपुढे हा ‘कशावरून?’ स्वतःला विचारा. कागद नसेल तर ओळ काढून टाका. सहा भक्कम ओळी पुरतात; वीस ओळींत चार पोकळ निघाल्या की वाचणारा उरलेल्या सोळांवरही विश्वास ठेवत नाही.

शेजारच्या जिल्ह्यातल्या किंवा दुसऱ्या खात्यातल्या माणसाशी तुलना करायची असेल तर जपून. समान कामाला समान वेतन हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये रणधीर सिंग खटल्यात मान्य केलं. तो दिल्ली पोलिसांतला चालक होता. पण नंतरच्या निकालांनी ते चांगलंच बांधून टाकलं. २०१६ च्या जगजित सिंग निकालात ही सगळी तत्त्वं एकत्र मांडली आहेत: पदनाम सारखं असून भागत नाही, काम, जबाबदारी, पात्रता सगळ्या बाजूंनी सारखं आहे हे दाखवायचं ओझं मागणाऱ्यावर. पदांचं मूल्यमापन हे तज्ज्ञ समितीचं आणि सरकारचं काम, असंही न्यायालयं वारंवार म्हणतात. त्यामुळे तुलना हा जोडमुद्दा ठेवा, मुख्य मुद्दा तुमच्याच नियमाचा.

भाषा

यावर आपल्याकडे लगेच आवाज चढतात, म्हणून स्पष्ट सांगतो. संविधानाच्या ३५० व्या कलमाने राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क दिला आहे, म्हणजे मराठीतही. तो हक्क खरा आहे आणि त्यासाठी भांडणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण तुमचं अपील हे त्या भांडणाचं मैदान करू नका. मराठी अर्ज भाषांतरासाठी एका टेबलावर पडून राहतो आणि घड्याळ तुमचं चालू असतं. अपील कन्नडात द्या, किंवा इंग्रजीत. विचार मात्र मराठीत करा. आधी मराठीत पक्का मसुदा लिहा, मग भाषांतर करून घ्या, आणि भाषांतर करणाऱ्याला ते तुमच्यासमोर मोठ्याने वाचून मराठीत परत सांगायला लावा. मी हे केलं असतं तर ‘बडती’ तिथेच पकडली असती.

कन्नडातले काही शब्द डोक्यात ठेवा. अपील म्हणजे ‘मेल्मनवी’. हुद्दा दोन्हीकडे हुद्दाच, तिकडे ‘हुद्दे’. वेतनश्रेणी ‘वेतन श्रेणी’च. पदाचं फेरवर्गीकरण म्हणजे ‘हुद्देय मरुवर्गीकरण’. विषयाच्या ओळीत हा शब्द हवा की पदावर बसवण्यातल्या चुकीची दुरुस्ती, ते पहिल्या पायरीवर काय ठरलं त्यावर.

अपील लिहिणं

प्रत्येकाचं अपील स्वतःच्या नावाने स्वतंत्र. दहा जणांनी सह्या करून एक अर्ज दिला तर ते निवेदन होतं, अपील होत नाही. संघटनेच्या पत्राचंही तेच; पाठिंबा म्हणून ठीक, अपिलाऐवजी नाही. भाषा सभ्य ठेवा. अपमानास्पद किंवा अनुचित भाषा असली तर एवढ्यावरच अपील अडवता येतं. ‘साहेबांनी जातीच्या माणसाला घेतलं’ हे चहाच्या गाड्यावर बोला.

अपील कुणाकडे? ज्याने आदेश काढला त्याच्या लगेच वरच्या अधिकाऱ्याकडे. आदेश खुद्द सरकारचा असेल तर त्यावर अपील होत नाही. तिथे फेरविचाराची विनंती करायची.

मसुद्याचा सांगाडा असा:

‘विषय: सहायक भांडारपाल पदावर केलेले माझे समावेशन दुरुस्त करून भांडारपाल पदावर करणेबाबत अपील.

उल्लेख: एक, समावेशनाचा आदेश क्रमांक व दिनांक. दोन, खात्याचे वृंद व भरती नियम, दोन्ही पदांच्या नोंदी. तीन, कार्यविभागणी आदेश.

वरील आदेश मला अमुक दिनांकास मिळाला. हे अपील मुदतीत आहे.

नियमांनुसार भांडारपाल पदाची कर्तव्ये पुढीलप्रमाणे आहेत. समावेशनाच्या दिनांकापूर्वीपासून ती मी बजावत आहे. तपशील व पुरावे सोबतच्या तक्त्यात.

आदेशात माझ्या पूर्वीच्या पदाची समकक्षता ठरवताना सीटीसी व पडताळणी अहवाल विचारात घेतलेले दिसत नाहीत.

विनंती: समावेशन मूळ दिनांकापासून दुरुस्त करून वेतननिश्चिती करावी. हे शक्य नसल्यास, वरच्या पदाचा कार्यभार सांभाळलेल्या काळाचा भत्ता द्यावा. मला समक्ष म्हणणे मांडण्याची संधी द्यावी.’

पर्यायी विनंती विसरू नका. सगळं किंवा काहीच नाही असं मागितलं की ‘काहीच नाही’ देणं सोपं जातं. आणि दोन पानांत संपवा. जाड भाग जोडपत्रांत जाऊ दे, पण त्यांना पान क्रमांक घाला.

देणं आणि पाठपुरावा

अपील योग्य मार्गानेच जातं, म्हणजे ज्याने आदेश काढला त्याच्याच कार्यालयातून वर. एक आगाऊ प्रत थेट अपील अधिकाऱ्याला स्पीड पोस्टाने पाठवा. आवक टेबलावर तुमच्या प्रतीवर गोल शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय तिथून हलू नका. ‘नंतर येऊन न्या’ म्हटलं तर तिथेच बसा. जांभळ्या शाईचा तो शिक्का पुढे न्यायाधिकरणात, म्हणजे नोकरीच्या तक्रारी ऐकणाऱ्या न्यायालयात, पहिल्या पाचांतला कागद असतो.

आमदाराचं, पालकमंत्र्यांचं पत्र जोडायचा मोह आपल्याकडे फार. सीमाभागात प्रत्येकाचा कुणीतरी ‘वर’ असतोच. वर्तणूक नियमांत बाहेरचा दबाव आणायला बंदी आहे, आणि ते पत्र फाइलला लागलं की नको तो शेरा तुमच्या नावावर बसतो. महिन्यातून एकदा स्वतः जाऊन फाइल कुठल्या टेबलावर आहे ते विचारा, दोन महिन्यांतून एकदा लेखी स्मरणपत्र द्या. तेवढं पुरे.

उत्तर नाही आलं तर

राज्य सरकारी नोकरांसाठी पुढची पायरी राज्य प्रशासकीय न्यायाधिकरण. पूर्वी त्यासाठी रात्री राणी चन्नम्मा एक्सप्रेस पकडून बेंगळूर गाठावं लागायचं, तारीख पडली की त्याच गाडीने परत. आता बेळगावात खंडपीठ आहे.

१९८५ च्या प्रशासकीय न्यायाधिकरण कायद्याचा हिशोब असा. खात्यातले उपाय आधी संपवायचे. अपिलावर अंतिम आदेश झाला तर त्या दिवसापासून एक वर्षात अर्ज. सहा महिने काहीच उत्तर नाही तर उपाय संपले असं धरतात, आणि तिथून एक वर्ष. उदाहरण घ्या: १० जून २०२४ ला अपील दिलं, १० डिसेंबर २०२४ ला सहा महिने झाले, म्हणजे १० डिसेंबर २०२५ पर्यंत न्यायाधिकरणात जाता येत होतं. मधे पाच स्मरणपत्रं दिली म्हणून हे वर्ष लांबत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ च्या एस. एस. राठोड निकालात हे स्वच्छ सांगितलंय, तरी ‘साहेब बघतो म्हणालेत’ या भरवशावर वर्ष घालवणारे मला दरवर्षी भेटायचे.

उशीर झालेल्यांना एक फट आहे. पगार दर महिन्याला कमी पडतोय, म्हणजे चूक दर महिन्याला नव्याने होतेय, असं धरून न्यायालयं उशीर सोडून देतात; मात्र थकबाकी मागच्या तीन वर्षांपुरतीच. २००८ च्या तरसेम सिंग निकालाचा हा आधार. पण तुमच्या मागणीने दुसऱ्या कुणाची ज्येष्ठता हलणार असेल तर ही फट बंद होते. तशा प्रकरणात ज्यांची जागा खाली जाईल त्यांनाही प्रतिवादी करावं लागतं, नाहीतर त्या एका कारणाने अर्ज पडतो. कॅन्टीनमध्ये त्याच लोकांबरोबर जेवायचं असतं, त्यामुळे हे जिवावर येतं. अर्ज टाकण्याच्या आदल्या दिवशी त्यांना सांगून ठेवावं.

न्यायाधिकरणात स्वतः उभं राहता येतं, कायद्यात तशी सोय आहे. तरीही सेवा प्रकरणं नेहमी चालवणारा वकील घ्या. दिवाणी दावे चालवणारे घरचे वकील इथे उपयोगाचे नाहीत. न्यायाधिकरणाकडून एक अपेक्षा मात्र ठेवू नका: ते स्वतः तुमची श्रेणी ठरवून हातात देणं विरळाच. बहुतेक वेळा आदेश असतो की सरकारने अमुक मुदतीत कारणांसह फेरविचार करावा. न्यायाधिकरणाच्या निकालावर पुढे उच्च न्यायालयाच्या द्विसदस्य खंडपीठाकडे जाता येतं, १९९७ च्या एल. चंद्रकुमार निकालापासून. आपल्यासाठी ते धारवाडला. २००८ मध्ये तिथे फिरतं खंडपीठ आलं, २०१३ पासून ते कायम झालं.

हा रस्ता कुणाचा नाही

हेस्कॉम (वीज कंपनी), वायव्य परिवहन (एसटी) अशा मंडळा-महामंडळांचे स्वतःचे भरती नियम आहेत. त्यांनी आधी आपल्याच संस्थेत अपील करावं, नंतर धारवाड किंवा कामगार न्यायालय. पोस्ट, रेल्वे, लष्करी आस्थापनांतले नागरी कर्मचारी केंद्राचे. त्यांचं न्यायाधिकरण केंद्रीय, बेंगळूरचं. ग्रामपंचायतीतले बिल कलेक्टर, पाणी सोडणारे हे पंचायतीचे नोकर, सरकारचे नव्हेत. त्यांच्यासाठी वेगळाच लेख लागेल. कंत्राटी आणि रोजंदारीवाल्यांचा प्रश्न कायम होण्याचा, श्रेणीचा नव्हे. त्यांची वाट २००६ च्या उमादेवी निकालातून जाते, जो मुळात कर्नाटकाचाच खटला, आणि अलीकडे डिसेंबर २०२४ च्या जग्गो निकालाने ती थोडी रुंद झाली आहे.

वसुलीची नोटीस आली तर

श्रेणी खाली आणली की मागून ‘जादा दिलेली’ रक्कम भरा अशी नोटीस येते. घाबरून हप्ते लिहून देऊ नका. १८ डिसेंबर २०१४ च्या रफिक मसीह निकालाप्रमाणे सी आणि डी गटातल्या नोकरांकडून, निवृत्त झालेल्यांकडून किंवा वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडून, आणि पाच वर्षांहून जास्त काळ चुकून दिल्या गेलेल्या रकमेची अशी वसुली करता येत नाही. वरच्या पदाचं काम करून घेऊन त्याचा पगार दिला असेल तर तोही परत मागता येत नाही. मात्र चूक तुमच्या खोट्या माहितीमुळे झाली असेल, किंवा वेतननिश्चितीच्या वेळी ‘जादा मिळाल्यास परत करीन’ असं हमीपत्र दिलं असेल तर प्रकरण अवघड होतं. हमीपत्रावर सही करताना ते वाचत जा. नोटिशीला उत्तर देताना अपील प्रलंबित असल्याचा आवक क्रमांक लिहा. कपात सुरू झाली तर न्यायाधिकरणाकडे अंतरिम स्थगिती मागता येते.

माझ्या दुसऱ्या अपिलाला अकरा महिने लागले. समक्ष सुनावणी झाली, वीस मिनिटांची. साहेबांनी तक्ता बघितला, पान १२ वरची तुटीची नोटीस दोनदा वाचली आणि माझ्याऐवजी शेजारी उभ्या असलेल्या अधीक्षकांना विचारलं, ‘हा सहायक, तर मग भांडारपाल कोण?’ समावेशन दुरुस्त झालं, पण आदेशाच्या तारखेपासून. मधल्या वर्षांची थकबाकी नामंजूर. तेव्हा न्यायाधिकरण फक्त बेंगळुरात, घरी मुलीचं दहावीचं वर्ष. मी गेलो नाही. माझ्याबरोबर त्याच आदेशाने बसवलेला खानापूरचा एक सहकारी गेला, आणि त्याला तीन वर्षांची मिळाली.